पोटखराब्याचं वैभव

भाद्रपद लागला, की सातारकरांच्या घरी फोन वाजू लागतात. एरवी वर्ष-वर्ष ज्यांची खबरबात नसते, असे लांबचे आप्तही या दिवसांत अगत्याने आठवण काढतात. ख्यालीखुशाली विचारून होते, पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि मग हळूच मुद्द्याचा प्रश्न येतो, ''फुलं आली का हो वर?'' वर म्हणजे कासला. सातारकराचं उत्तर ठरलेलं असतं. पावसाचा जोर ओसरू द्या, आणि या तेव्हा शनिवार-रविवार सोडून या. पाहुणे ऐकून घेतात आणि नेमके रविवारी येतात.

माझं सासर साताऱ्याचं. त्यामुळे या पाहुणचाराचा आणि त्यानिमित्ताने घडणाऱ्या कासच्या वाऱ्यांचा अनुभव मला बऱ्यापैकी आहे. गेल्या सप्टेंबरात मात्र पाहुणे नसताना, मुद्दाम मंगळवार गाठून, मी, धाकट्या जाऊबाई आणि त्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव असे तिघं निघालो. पोराला शाळेत 'परिसर' विषयात कास पठारावर पाच ओळी लिहायच्या होत्या. त्याने त्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. पहिलीच ओळ होती, 'कास पठारावर फुलांचा गालिचा पसरलेला असतो.' आता खात्री करून घेणं तेवढं बाकी होतं!

साताऱ्याहून पश्चिमेकडे निघालं, की यवतेश्वरचा घाट लागतो. घाट चढून माथ्यावर आलं, की रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सपाटीने जातो. डाव्या हाताला उरमोडीचं पाणी आणि त्यामागे सज्जनगड, उजव्या हाताला खाली कण्हेरचा जलाशय. सप्टेंबरात ढग खाली उतरलेले असतात, त्यामुळे यातलं काय दिसेल आणि काय नाही, हे त्या दिवसाच्या नशिबावर. पंचवीसेक किलोमीटर गेल्यावर झाडं मागे पडतात, आणि समोर एक उघडं, किंचित उंचसखल माळरान येतं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२०० मीटर. हेच कास पठार.

गाडी अलीकडेच ठेवावी लागते. आता आधी नोंदणी करून, शुल्क भरून, नेमून दिलेल्या वेळेत आत जायचं असतं. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादाही ठरवण्यात आली. हा बंदोबस्त काही उगीच आलेला नाही. जुलै २०१२ मध्ये 'युनेस्को'ने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं होती: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिल्या तिघांची अरण्यं आधीपासून अभयारण्यं म्हणून राखलेली होती. कास मात्र ऐन हमरस्त्यावर! त्या सुमारास सुट्टीच्या दिवशी हजारोंनी माणसं इथे लोटू लागली. गाड्या थेट फुलांपर्यंत जाऊ लागल्या. वनखातं आणि आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी मिळून मग पाऊलवाटा आखल्या, राखणदार नेमले. आज जे काही शिल्लक दिसतं, त्यात या वाटांचा वाटा मोठा आहे.

वाटेवर पाऊल ठेवलं आणि आमच्या चिरंजीवांची निराशा झाली. ''काकू, गालिचा कुठंय?''

त्याची चूक नव्हती. छायाचित्रांत दिसणारा गुलाबी-जांभळा पसारा लांबून, ठरावीक कोनातून आणि ठरावीक आठवड्यातच दिसतो. जवळ गेल्यावर दिसतं ते निराळंच. काळपट तांबडा, भोकाभोकांचा खडक. त्याच्या खोलगट भागात बोटभर चिखल. त्या चिखलात करंगळीएवढ्या उंचीची रोपं, आणि त्यांच्या टोकांवर नखाएवढी फुलं. पाहायचं तर कमरेत वाकावं लागतं, नाहीतर सरळ उकिडवं बसावं लागतं. पोरगं बसलं. मग मात्र त्याला उठवणं कठीण झालं.

पहिली ओळख झाली ती सीतेच्या आसवांशी. निळसर-जांभळं, एखाद्या थेंबासारखं दिसणारं इवलंसं फूल. नाव मोठं करुण आहे, पण झाड चांगलंच शिकारी! ओल्या मातीत लपलेल्या त्याच्या धाग्यांना मोहरीच्या दाण्याहूनही बारीक फुगे असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला, की पापणी लवायच्या आत तो फुगा त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. थोडं पुढे दवबिंदू होतं. पानांवरच्या तांबूस केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब, उन्हात दवासारखे चमकणारे. कीटक फसून बसतो आणि तिथेच विरघळतो. ''म्हणजे ही झाडं नॉनव्हेज?'' पोराने विचारलं. जाऊबाईंनी, मंगळवार असल्याने की काय, उत्तर द्यायचं टाळलं.

झाडांवर ही वेळ का आली, याचं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सह्याद्रीचा मूळ दगड काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून तो तयार झाला. माथ्यावरचा हा कातळ पुढे लाखो वर्षं ऊन-पावसात झिजत, कुजत राहिला. त्यातली विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर वाहून गेली आणि मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. त्याचाच झाला जांभा. कोकणात ज्याचे चिरे काढून घरं बांधतात, तोच. या जांभ्यावर माती जवळजवळ धरतच नाही. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो, की जी काही थोडीफार माती आणि सत्त्व असेल, ते धुऊन निघतं. चार महिने पाण्यात बुडालेलं आणि पुढचे आठ महिने तव्यासारखं तापलेलं असं हे रान. मातीत नत्र नाही, म्हणून सीतेच्या आसवांनी आणि दवबिंदूने ते किड्यांच्या देहांतून मिळवायची तोड काढली.

महसुलाच्या भाषेत पिकाला निरुपयोगी अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. सातबाऱ्यावर त्याचा वेगळा रकाना असतो आणि शेतकरी तो वाचताना सुस्कारा टाकतो. कास हे राखीव वन. पण मातीच्या दृष्टीने पाहिलं, तर पोटखराब्याचा याहून अस्सल नमुना शोधून सापडायचा नाही. आणि नेमक्या याच जमिनीवर अभ्यासकांनी साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद केली आहे. कसदार जमीन असती, तर उंच गवत आणि झुडपं माजली असती आणि बाकीच्यांना ऊनही मिळालं नसतं. इथे कुणालाच माजता येत नाही. खडकाच्या उघड्या पाठीवर शेवाळ, बोटभर मातीत आसवं आणि गेंद, वीतभर मातीत तेरडा, पाणी साचेल त्या डबक्यात आणखी कुणी, पठाराच्या कडेला कारवी. वीत-दोन वीत अंतरावर माती बदलते आणि तिथला रहिवासीही बदलतो. गरिबांच्या चाळीत जशी एकेका खोलीत वेगळी तऱ्हा, तसंच काहीसं.

तेरडा दिसला आणि जाऊबाई खुलल्या. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी आणतात. नुकत्याच गौरी जेवून गेल्या होत्या. घरच्या परसातल्या तेरड्याची ही रानातली बहीण. ठेंगणी, गुलाबी, थव्याने उभी. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. इथे मात्र तो रंग दोन-तीन आठवडे टिकतो, आणि तो ओसरेपर्यंत दुसऱ्या कुणाची पाळी आलेली असते. मग पिवळी सोनकी उतार रंगवते. गेंदांची पांढरी बटणं तर सगळीकडे शिवल्यासारखी. पोराला सर्वांत आवडला तो कवला. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके, म्हणून हल्ली सगळे त्याला 'मिकी माऊस' म्हणतात. याच कुळातल्या कवळ्याची भाजी कोकणात पावसाळ्यात आवडीने करतात, हे मी सांगितलं तेव्हा त्याला ते मुळीच पटलं नाही.

वाटेच्या एका वळणावर राखणदार उभे होते. जवळच्याच गावचे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. हातात काठी, गळ्यात शिट्टी. समोरच्या घोळक्यातली एक मुलगी फोटोसाठी दोरीपलीकडे पाय टाकू पाहत होती, तिला त्यांनी शांतपणे मागे घेतलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, ''ताई, फुलाला हात लावला तर एक फूल जातंय. पाय टाकला तर जागाच जाती.''

या एका वाक्याने त्यांनी मला बरंच काही शिकवलं. ते आम्हाला वाटेच्या कडेला घेऊन गेले. तिथे दोरीच्या आत, वीतभर रुंद, गुळगुळीत काळा पट्टा होता. दोन्ही बाजूंना गेंद आणि आसवं, मधे काही नाही. पूर्वी लोक तिथून चालत जात, असं त्यांनी सांगितलं. वाट बंद झाली तरी माती परत आली नव्हती. येणार तरी कुठून? शेतातली माती तुडवली गेली, तर नांगरता येते. इथे दोन बोटांचा थर निघून गेला, की खाली थेट दगड. तो थर पुन्हा जमायला किती पिढ्या लागतील, कोण सांगणार!

'गालिचा' हा शब्द मला तेव्हापासून खुपू लागला. आपण वर्तमानपत्रांतून, सहलीच्या जाहिरातींतून तो इतक्यांदा वाचला आहे, की फुलं म्हटली की तोच ओठांवर येतो. पण गालिचा अंथरतात तो पाय ठेवण्यासाठी. त्यावर बसावं, लोळावं, फोटो काढावा. ऐकणाऱ्याचं पाऊल त्या शब्दानेच अर्धं आत पडतं. त्यापेक्षा 'कातडी' म्हणावं. दगडावर धरलेली बोटभर जाडीची जिवंत कातडी. शब्द तेवढा गोजिरवाणा नाही खरा, पण माणूस पाय तरी जपून टाकेल.

याच राखणदारांना मी गुरांचं विचारलं. कासच्या बाबतीत हा मोठा वादाचा विषय. गर्दी आवरावी म्हणून मध्यंतरी पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसं अडली, पण त्याबरोबर गावची गुरंही अडली. आणि मग अभ्यासकांतून आणि गावकऱ्यांतून आवाज उठू लागला, की गुरं थांबल्यापासून गवत वाढतंय आणि फुलं मागे पडताहेत, कुंपण काढा. उलट बाजूने सांगणारेही होते. गुरं मोकाट सोडली, तर खूर काय आणि बूट काय, माती दोन्हींनी निघणारच.

''आमी ल्हानपणी हितंच गुरं राखायला यायचो,'' राखणदार म्हणाले. ''तवा फुलं बघायला कोण येत न्हवतं. आमाला वाटायचं, असली फुलं समदीकडंच असत्यात. गुरं गवात खायाची, शेण पडायचं. गवात एवढं वर येत न्हवतं.'' त्यांनी गुडघ्याशी हात नेला. ''आता काही ठिकाणी हितवर येतंय.''

हा अनुभव एकट्या कासचा नाही. उत्तराखंडातली 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' आपल्याला ठाऊक आहे. फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना त्या दरीत उतरला आणि पुढे त्याच्या पुस्तकाने तिला जगभर नाव मिळवून दिलं. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढपाळांची चराई बंद झाली. त्यानंतर तिथे एका उंच, दाट वाढणाऱ्या झुडपाने बरीच जागा व्यापली. ते उपटून काढण्याचं काम वनखात्याला करावं लागतं. चराई बंद झाल्यानेच ते माजलं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण माणूस आणि त्याची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या जिथे वावरत आली, तिथून त्यांना एका फटक्यात बाहेर काढलं, की निसर्ग आपोआप मूळपदावर येतो, ही समजूत तेवढी भाबडी आहे, एवढं नक्की. कासला 'महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' म्हणायची पद्धत पडली आहे. बर्फाखालची ती दरी आणि जांभ्याचं हे पठार यांत तसं साम्य काहीच नाही. साम्य असेल तर या प्रश्नात आहे.

आणि या प्रश्नात गावं आहेत, हे आपण पाहुणे मंडळी विसरतो. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या माणसांनीच समित्यांमधून हे पठार राखायला घेतलं. हंगामात तिथल्या मुलांना दीड-दोन महिन्यांचं काम मिळतं. कुणी वाट दाखवतं, कुणी गाड्या लावून घेतं, कुणाची चहा-भज्यांची टपरी चालते. हा पैसा फुलांवर आला आहे आणि तो गर्दीवर वाढतो. गर्दी वाढली, की फुलं कमी. फुलं कमी झाली, की गर्दीही नाही आणि पैसाही नाही. हे गणित त्या गावांना आपल्याहून चांगलं कळतं. रविवारी दोन माणसं जास्त सोडण्याचा मोह आवरणं त्यांच्याच हाती असतं, आणि तसा आग्रह न धरणं आपल्या हाती.

पुढे आम्ही राजमार्गाने निघालो. साताऱ्याहून महाबळेश्वराकडे जाणारी ही जुनी वाट, तिला इथे राजमार्गच म्हणतात. दोनेक किलोमीटरची ही चाल मला कासच्या साऱ्या भेटींत सर्वांत प्रिय. गर्दी रस्त्यालगतच रेंगाळते, इकडे फार कुणी येत नाही. दोन्ही बाजूंना टोपली कारवीची हिरवी झुडपं. घाटांत दिसणाऱ्या उंच कारवीची ही बसकी बहीण. खरोखरच कुणी टोपल्या उपड्या घालून ठेवल्यासारखी दिसते. ही सात वर्षांनी एकदा बहरते. आम्ही गेलो ते तिचं वर्ष नव्हतं. पोराने हिशेब केला, की आता पुढच्या वेळी ती फुलेल तेव्हा आपण बहुधा कॉलेजात असू, आणि तो बराच वेळ गप्प झाला.

वाटेच्या शेवटी कुमुदिनीचं तळं. तळं कसलं, पावसाचं साठलेलं पाणी. पण त्यावर गोल पानं पसरलेली आणि पानांमधून वर आलेली पांढरी फुलं, पाकळ्यांना बारीक लव असलेली. वारा आला, की पाण्यावर शिरशिरी उठते आणि सगळी फुलं एकदम मान हलवतात. आम्ही काठाशी, अर्थात आखलेल्या हद्दीबाहेर, बसून डबा खाल्ला. पोळीच्या सुरळ्या, चटणी आणि भोवती धुकं. एक चकार शब्द कुणी काढला नाही.

वायतुरा मात्र हुकला. त्याचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा. देठाच्या टोकाला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुभंगलेला फिकट जांभळट तुरा, म्हणून हे नाव. १९८२ मध्ये या वनस्पतीची शास्त्रीय नोंद झाली. ती करणाऱ्यांत पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नावाजले गेलेले डॉ. श्रीरंग यादव होते. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे 'साताऱ्याचा'. मूळचा तो इथल्या पठारांचाच. अशा ठेव्याला आपण सातारकरांनी पेढे आणि कंदीपेढे यांच्या जोडीला तरी बसवायला हवं.

'पठारांचा' असं म्हटलं ते मुद्दाम. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याची अशी कितीतरी पठारं आहेत. साताऱ्याजवळच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वीज हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक चक्कीपर्यंत रस्ता जातो आणि रस्त्याखाली कातळ जातो. ज्या माळाला वारशाचं बिरूद लाभलं, त्याला राखणदार मिळाला. ज्याला लाभलं नाही, तो कागदावर अजून 'नुसता माळ' आहे. त्याच्यावर काय आहे, हे जुलै ते सप्टेंबर कुणी तिथे वाकून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

आणि प्रश्न केवळ फुलांचा नाही. या पठाराच्या कुशीत कास तलाव आहे. शंभरावर वर्षं तो साताऱ्याला पाणी पुरवतो, आणि डोंगरावरून उताराच्या बळावर ते गावात येतं. पठारावर पडलेला पाऊस शेवाळातून, गवतातून झिरपत खाली जातो. आमच्या घरी नळाला येणाऱ्या पाण्याचं पठाराशी असं नातं आहे. जाऊबाईंनी हे लेकाला समजावून सांगितलं, तेव्हा त्याने पाच ओळींत सहावी घालायचं ठरवलं. 'गालिचा' ही ओळ त्याने खोडली की ठेवली, ते मी विचारलं नाही.

तुम्ही जाणार असाल, तर जरूर जा, मुलांना घेऊन जा. नोंदणी आधी करा, आठवड्याचा मधला वार निवडा, पायांत घट्ट बूट आणि हातात एखादं भिंग असू द्या. सगळं पठार एका दिवसात 'करायचा' हव्यास नको. एका जागी, वाटेवरच, दहा मिनिटं उकिडवं बसलात, तरी पाच-सहा जाती सहज दिसतील. खाण्याच्या पिशव्या परत घरी आणा. आणि जमलं, तर कधीतरी मार्चमध्येही त्या रस्त्याने जाऊन या. तेव्हा तिथे राखणदार नसतो, दोरी नसते आणि फूल तर एकही नसतं. रखरखीत तांबडा दगड आणि भणाणणारा वारा. पण त्याच दगडाच्या फटींत, चिमूटभर वाळक्या मातीत, आसवांचं आणि तेरड्याचं बी आणि वायतुऱ्याचा कंद जूनच्या पहिल्या सरीची वाट पाहत पडलेले असतात. बंदोबस्त नसतो, म्हणून त्या दिवसांत कुणीही कुठेही गाडी घालतं. आपण मात्र तेव्हाही वाटेवरूनच चालावं.